मधुमेही मांजरांमधील इन्सुलिन मात्रेचे समायोजन

मधुमेह झालेल्या मांजराला दिल्या जाणाऱ्या इन्सुलिनची मात्रा रक्तशर्करेच्या नोंदी व लक्षणे पाहून टप्प्याटप्प्याने वाढवणे किंवा कमी करणे, यास इन्सुलिन मात्रेचे समायोजन म्हणतात. वजनावरून काढलेली मात्रा ही केवळ सुरुवात असते. सारख्या वजनाच्या दोन मांजरांची गरज वेगळी असू शकते आणि एकाच मांजराची गरजही काही आठवड्यांत बदलू शकते. मात्रा अपुरी पडल्यास मधुमेह आटोक्यात येत नाही. ती जास्त झाल्यास रक्तशर्करा घसरून काही तासांतच मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे मात्रा ठरवताना रक्तशर्करेच्या उच्चांकापेक्षा नीचांकाला अधिक महत्त्व दिले जाते.

पार्श्वभूमी

बहुतांश मांजरांमधील मधुमेह मानवातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळताजुळता असतो. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि स्वादुपिंडातील बीटा पेशींची इन्सुलिन तयार करण्याची क्षमताही घटते. वाढते वय, स्थूलता, निर्बीजीकरण केलेला बोका असणे आणि स्टेरॉइड औषधांचा वापर हे प्रमुख जोखीम घटक आहेत. रक्तशर्करा सुमारे २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेली की मूत्रपिंडे ती रोखू शकत नाहीत व साखर मूत्रावाटे बाहेर पडू लागते. त्यातूनच वारंवार लघवी, अति तहान आणि भूक असूनही वजन घटणे ही लक्षणे उद्भवतात.

इन्सुलिनचे प्रकार व सिरिंज

मांजरांसाठी प्रामुख्याने ग्लार्जिन, प्रोटामिन झिंक आणि डुकरापासून मिळवलेले लेन्टे ही इन्सुलिने वापरली जातात. मांजराच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव माणसाच्या तुलनेने लवकर ओसरतो, म्हणून ते सहसा दर १२ तासांनी त्वचेखाली टोचले जाते. आरंभीची मात्रा साधारणतः प्रत्येक वेळी १ एकक, तर मोठ्या मांजरांत फार तर २ एकक असते.

इन्सुलिनची तीव्रता आणि सिरिंजवरील खुणा जुळणे अत्यावश्यक असते. यू-४० इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये ४० एकक, तर यू-१०० इन्सुलिनमध्ये १०० एकक असतात. भारतात मानवी वापराच्या कुपीतील अनेक इन्सुलिने यू-४० तीव्रतेची असतात. ग्लार्जिन मात्र सामान्यतः यू-१०० असते. यू-१०० इन्सुलिन यू-४० सिरिंजमध्ये १ एककाच्या खुणेपर्यंत भरल्यास प्रत्यक्षात २.५ एकक टोचले जातात. उलट प्रकारात केवळ ०.४ एकक जातात.

रक्तशर्करेचा आलेख

समायोजनाचा मुख्य आधार म्हणजे रक्तशर्करेचा आलेख. इन्सुलिन देण्यापूर्वी आणि नंतर दर दोन तासांनी, अशी सुमारे १२ तास रक्तशर्करा मोजली जाते. रक्ताचा थेंब कानाच्या कडेवरून किंवा पंजाच्या गादीवरून घेतात. त्वचेवर बसवलेल्या संवेदकाद्वारे सलग नोंद घेण्याची पद्धतही वापरात आहे.

पशुवैद्यकीय व्यवहारात नीचांकाचा अर्थ सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे लावला जातो :

• नीचांक १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त : लक्षणे कायम असल्यास मात्रा ०.५ ते १ एककाने वाढवली जाते.
• नीचांक ८० ते १५० : मात्रा सहसा बदलली जात नाही.
• नीचांक ८० पेक्षा कमी : मात्रा कमी केली जाते.

एखाद्या मांजराची रक्तशर्करा सकाळी ३४०, दुपारी २६० आणि संध्याकाळी ३३० असेल, तर मात्रा अपुरी ठरते. दुसऱ्या मांजरात सकाळी ३४०, दुपारी ७० आणि संध्याकाळी ३३० अशी नोंद मिळाल्यास मात्रा कमी करावी लागते. दोघांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी सारख्याच आहेत. फरक केवळ दुपारच्या नोंदीत दिसतो. म्हणूनच एखाद्या चढ्या आकड्यावरून मात्रा वाढवणे धोक्याचे मानले जाते. नीचांक योग्य असूनही प्रभाव लवकर ओसरत असल्यास मात्रा वाढवण्याऐवजी इन्सुलिनचा प्रकार बदलण्याचा विचार केला जातो.

नव्या मात्रेचा परिणाम स्थिरावण्यास वेळ लागतो, त्यामुळे वाढीनंतरचे मूल्यमापन साधारणतः ७ ते १४ दिवसांनी होते. नीचांक धोकादायक असल्यास मात्र घट तत्काळ केली जाते.

मोजमापातील अडचणी

भीती व तणावामुळे निरोगी मांजराचीही रक्तशर्करा वाढू शकते. त्यामुळे दवाखान्यातील आकडे दिशाभूल करू शकतात आणि घरी घेतलेल्या नोंदी अधिक उपयुक्त ठरतात. माणसांसाठी बनवलेले ग्लुकोमीटर मांजराची रक्तशर्करा बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. फ्रुक्टोसामाइन चाचणीतून मागील काही आठवड्यांतील सरासरी पातळीचा अंदाज येतो, परंतु नीचांक कळत नाही. पाणी पिण्याचे प्रमाण, वजन व भूक यांच्या नोंदीही आकड्यांइतक्याच महत्त्वाच्या असतात.

हायपोग्लायसेमिया

रक्तशर्करा सुमारे ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली गेल्यास अशक्तपणा, झोकांड्या जाणे, दिशाभान हरपणे, झटके व बेशुद्धी ही लक्षणे दिसू शकतात. काही मांजरांत सुरुवातीला कोणतेही लक्षण दिसत नाही. शुद्धीवर असलेल्या मांजराला तत्काळ खाऊ घातले जाते. ते खात नसल्यास ग्लुकोजचे पाणी किंवा मध हिरड्यांवर चोळतात. बेशुद्ध मांजराच्या तोंडात द्रव ओतल्यास तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. प्राथमिक उपचारानंतरही पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक असते, कारण टोचलेल्या इन्सुलिनचा प्रभाव अनेक तास टिकू शकतो. मांजराने खाणे सोडले असता किंवा त्याला उलट्या होत असता नेहमीची मात्राही घातक ठरू शकते.

इन्सुलिनरोध

मात्रा वाढवूनही प्रतिसाद न मिळाल्यास प्रथम इन्सुलिनची साठवण, मुदत व टोचण्याची पद्धत तपासली जाते. त्यानंतर दात वा मूत्रमार्गाचा संसर्ग, स्वादुपिंडदाह आणि स्टेरॉइडचा वापर यांचा शोध घेतात. पीयूषिका ग्रंथीच्या गाठीतून वृद्धिसंप्रेरक अधिक स्रवल्याने होणारा ॲक्रोमेगली हा विकारही महत्त्वाचे कारण आहे.

उपशमन

सततच्या उच्च रक्तशर्करेमुळे बीटा पेशींची झालेली हानी काही अंशी भरून येऊ शकते. वेळीच उपचार आणि कमी कर्बोदकांचा आहार मिळाल्यास अनेक मांजरांची इन्सुलिनची गरज संपते. या अवस्थेला उपशमन म्हणतात. कर्स्टन रूम्प व जॅकी रँड यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५५ मांजरांवर ग्लार्जिन व घरगुती मोजणीच्या साहाय्याने काटेकोर उपचार झाले. त्यांपैकी ६४ टक्के मांजरांत उपशमन साधले. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्या मांजरांत हे प्रमाण ८४ टक्के होते, तर उशिरा सुरू झालेल्यांत ३५ टक्के.

उपशमनाकडे वाटचाल करणाऱ्या मांजराची इन्सुलिनची गरज हळूहळू घटत जाते. कालपर्यंत योग्य असलेली मात्रा अशा वेळी जास्त ठरू शकते, त्यामुळे प्रकृती सुधारत असतानाही रक्तशर्करेची मोजणी सुरू ठेवावी लागते. उपशमनानंतर मधुमेह पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून वजन, आहार व रक्तशर्करा यांवर पुढेही देखरेख ठेवली जाते.