ताप किती चढला की आग?

तुमच्या ऑफिसच्या छताला एक पांढरी वाटी उलटी चिकटवलेली असते. बघितलीत कधी? बघितली तरी 'स्मोक डिटेक्टर असेल' म्हणून आपण मोकळे! पण पॅन्ट्रीत किंवा जनरेटर रूममध्ये असते ती बहुतेक वेळा हीट डिटेक्टर असते. तिला धुराशी देणंघेणं नाही, तिला कळतो फक्त ताप. आणि किती तापलं म्हणजे आग समजायचं, हे आधी माणसालाच ठरवावं लागतं.

हा सगळा फंडा मला कळला तो वाशीममध्ये. (तुमच्या वीकेंड लिस्टवर नसणार, माहितेय!) तिथे एका तीन मजली बिल्डिंगमध्ये अलार्मचं काम चालू होतं. खाली दुकानं, मध्ये कोचिंग क्लास आणि वर लॉज. लॉजचं किचन पत्र्याखाली. वाशीमला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो, पत्र्याखाली तर विचारूच नका. जुना हीट डिटेक्टर दर उन्हाळ्यात भरदुपारी बोंबलायचा, मग वॉचमन हूटरची वायरच काढून ठेवायचा. म्हणजे अलार्म आहे, पण मुका.

गोची साधी होती. युरोपीय मानकानुसार डिटेक्टरचे वर्ग असतात. सर्रास बसतो तो 'ए-वन'. तो ५४ ते ६५ अंशांच्या दरम्यान वाजतो आणि त्याची नेहमीची खोली धरलेली असते २५ अंशांची. वाशीमच्या मे महिन्यात २५ अंश? एसी लावूनसुद्धा नशीब लागतं! 'ए-वन' जास्तीत जास्त ५० अंशांच्या जागेपर्यंतच चालतो. पत्र्याखाली हवा 'बी' वर्ग. तो ६९ ते ८५ च्या दरम्यान वाजतो आणि ६५ अंशांपर्यंतची जागा सहन करतो.

दुसरी सेटिंग वेगाची. काही डिटेक्टर आकड्याची वाट बघत नाहीत. मिनिटाला साधारण ८ अंशांनी तापमान चढलं की ओरडतात. गोडाऊनसाठी उत्तम, पण किचनमध्ये भट्टी पेटली की गोंधळ. म्हणून तिथे वेगाचा मोड बंद, ठरलेल्या तापमानाचा चालू. हे सगळं पॅनेलवरून होतं. प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता आणि नाव देतात. रात्री दोन वाजता स्क्रीनवर नुसतं '०१७' दिसलं तर वॉचमनने काय करायचं? 'दुसरा मजला, किचन' दिसलं तर तो धावेल तरी.

खरी वादावादी झाली ती खोल्यांवरून. मालकांचं म्हणणं, स्मोक डिटेक्टर अगरबत्तीनेही वाजतात, तेव्हा सगळीकडे हीटच लावून टाका, कटकट नको. फिटरदादा ऐकेनात. "साहेब, झोपलेल्या माणसाले आधी धूर गाठते," एवढंच म्हणाले.

मला भंडारा आठवलं. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यातली ३ भाजून आणि ७ गुदमरून, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं होतं. धूर पसरून जातो, छताजवळची हवा ६० अंशांवर जायला त्यानंतरही वेळ लागतो. हीट डिटेक्टर तोवर गप्प. लॉजच्या खोल्यांमध्ये शेवटी स्मोकच राहिले, मालकांची कुरकुर चालूच होती.

टेस्टिंगला काडी-मेणबत्ती चालत नाही हं, गरम हवेचं यंत्र लागतं. किचनमधला नवा डिटेक्टर तापवला, लाल दिवा लागला, पॅनेलवर नाव उमटलं आणि हूटर असा काही ओरडला की क्लासची पोरं वह्या टाकून जिन्यात!

आणि तुमच्या बिल्डिंगचं काय? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, म्हणजे 'फॉर्म बी', परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा घ्यावं लागतं, जानेवारी आणि जुलैमध्ये. उद्या चहाच्या ब्रेकमध्ये ॲडमिनवाल्यांना विचारा, शेवटचा फॉर्म कधीचा आहे आणि पॅन्ट्रीतली वाटी किती अंशांवर लावलीय.