१६२ मतांचा निकाल

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य मतदारसंघात एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १ लाख ९ हजार ६५३, तर इस्लाम पक्षाचे आसिफ शेख रशीद यांना १ लाख ९ हजार ४९१ मते मिळाली, आणि अवघ्या १६२ मतांचा हा फरक त्या विधानसभा निवडणुकीत राज्यातील सर्वांत कमी मताधिक्य म्हणून दप्तरी नोंदला गेला. निकाल असा निसटता लागला की पराभूत पक्षाच्या मनात संशय येणे स्वाभाविक असते. त्या संशयाचे निरसन कोणत्या पुराव्याने व्हावे, हा खरा प्रश्न आहे.

असे निसटते निकाल इतरत्रही लागले आहेत. अमेरिकेत राज्यपालही लोकमतानेच निवडला जातो. २००४ साली वॉशिंग्टन राज्यात सुमारे २८ लाख मतदारांनी कौल दिला, तेव्हा पहिल्या मोजणीत डिनो रॉसी २६१ मतांनी व यंत्राने केलेल्या फेरमोजणीत ४२ मतांनी पुढे होते. परंतु हाताने केलेल्या तिसऱ्या मोजणीत, चुकीने बाद ठरलेली काही शे टपाली मतेही हिशेबात आल्यावर, क्रिस्टीन ग्रेगॉयर १२९ मतांनी विजयी ठरल्या. आपल्याकडेही १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या समितीने राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा अशी शिफारस केली होती. तथापि लोकनियुक्त राज्यपाल आणि लोकनियुक्त मुख्यमंत्री यांच्यात अधिकाराचा झगडा उभा राहील, या भीतीने संविधान सभेने १९४९ मध्ये राष्ट्रपतींकडून नेमणुकीचा मार्ग पत्करला. त्यामुळे अशा चुरशीची खरी कसोटी आपल्याकडे आमदार-खासदारांच्या निवडणुकांतच लागते.

या कसोटीचा पाया मतदान संपते त्या संध्याकाळी घातला जातो. केंद्राध्यक्ष मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरील ‘क्लोज’चे बटण दाबून मतदान बंद करतात, एकूण मतांचा आकडा नमुना १७-सी मध्ये लिहितात, आणि त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना देतात. पुढे मोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक, मोहोर आणि तो आकडा परस्परांशी ताडून पाहिल्यावरच उमेदवारनिहाय मते वाचली जातात. शिवाय प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील चिठ्ठी टाकून निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही मोजल्या जातात. मताधिक्य बाद टपाली मतपत्रिकांहून कमी असेल, तर निकाल जाहीर करण्यापूर्वी त्या सर्व मतपत्रिकांची फेरतपासणी करावीच लागते. याउपर हरकत असेल, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे सकारण लेखी अर्ज करून फेरमोजणी मागता येते, आणि निकालानंतर ४५ दिवसांच्या मुदतीत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते.

परंतु अर्ज असो वा याचिका, ती टिकते कागदाच्या बळावर. आणि तो कागद हाती येण्यासाठी त्या संध्याकाळी केंद्रावर आपला माणूस हजर असावा लागतो. सभा-मिरवणुकांवर मुबलक खर्च करणारे पक्ष शेवटच्या तासाला केंद्र ओस टाकून जातात, आणि पुढे मोजणीच्या दिवशी ताडून पाहण्यासारखे काहीच हाती नसल्याने त्यांच्या तक्रारीला पुराव्याचा आधार राहत नाही. म्हणून नाशिक जिल्ह्यातील सर्व पक्षांना आग्रहाची विनंती आहे की, येत्या प्रत्येक निवडणुकीत मतदान प्रतिनिधींना रीतसर शिक्षण द्यावे, आणि १७-सी ची प्रत हाती पडेपर्यंत त्यांनी केंद्र सोडू नये, एवढा दंडक तरी कसोशीने पाळावा.