केळकर संग्रहालयांतील वज्री



पौषांतील एका सकाळीं नातीला घेऊन मी पुण्याच्या शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावयास गेलों होतों. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविताही करीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणींच वारला. त्याचेंच नांव या संग्रहास दिलेलें आहे. केळकरांनीं व त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनीं जमविलेल्या वस्तु २०,००० च्या वर आहेत. लोक बहुधा मस्तानीचा महाल पाहावयास आधीं धांवतात. आम्ही मात्र वज्र्यांच्या कपाटापुढें अडकलों.

"आजोबा, हीं खेळणीं का?" नातीनें विचारलें. तिचा दोष नाहीं. तिनें वज्री कधीं पाहिलीच नव्हती.

थंडीनें टांचा फुटतात. ऊन पाण्यांत त्या मऊ झाल्या म्हणजे मेलेली कातडी घासून काढावयाची, त्याकरितां ही वज्री. तिच्या तळावर आडव्याउभ्या रेघा खोदून तो खरखरीत केलेला असतो, आणि वर पितळेचा पक्षी किंवा प्राणी. न्हाणींत हात ओला, त्यांतून तेलकट. गुळगुळीत गोळा हातांतून निसटेल, पण पक्ष्याच्या मानेला बोटें बरोबर अडकतात. म्हणजे ही शोभा वरून चिकटविलेली नव्हे, तीच मूठ आहे. कित्येकांच्या पोकळ पोटांत खडे असतात. घासतांना ते खुळखुळतात. टांच घासण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला नाद असावा, हें ज्या कारागिराला सुचलें त्याचें नांव कोठेंही कोरलेलें नाहीं.

अशीं चित्रें ओततांना मातीच्या गाभ्यावर मेणाचा आकार घडवितात, वरून पुन्हां माती लिंपतात. भट्टींत मेण वितळून जातें व त्या जागीं पितळ ओततात. साचा फोडल्यावांचून वस्तु हातीं येत नाहीं. म्हणून हातानें घडविलेला एक पक्षी हुबेहूब दुसऱ्यासारखा नसतो.

शेजारीं अडकित्ते होते. त्यांतील कांहीं स्त्रीपुरुषांच्या जोडीचे. मिटले कीं दोघें जवळ येतात. तेथून मीं नातीला जरा घाईनेंच पुढें नेलें.

आमच्या घरींही पोपटाची वज्री होती. १९७८ सालीं स्टेनलेसचे डबे घ्यावयाचे म्हणून इतर भांड्यांबरोबर मींच ती मोडींत घातली. तागडींत पडतांना तिच्यांतले खडे वाजले. आई दारांत उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं.

हें नातीला सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "मग आपला पोपट यांत असेल का?"

आम्ही दोघें पुन्हां त्या कपाटाकडे गेलों आणि पहिल्या फळीपासून पाहूं लागलों.