यंत्र आले, पण मुक्कामाचे काय?

अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातील गाव 2023 साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे साऱ्या देशाला ठाऊक झाले. मंत्र्यांच्या मोटारींनाही त्याची वाट सापडली! आज आम्ही लिहीत आहोत ते उलट दिशेने निघणाऱ्या माणसाविषयी. गालाच्या वा जिभेच्या कर्करोगाने गाठलेला या भागातील शेतकरी वडीगोद्रीला येऊन छत्रपती संभाजीनगरची एस. टी. धरतो, तो किरणोपचारासाठी.

'लिनॅक' या यंत्रात सूक्ष्मलहरींच्या जोरावर इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात, टंगस्टनवर आदळतात, आणि त्यातून निघालेले क्ष-किरण गाठीचा वेध घेतात. 1953 साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाने हे अस्त्र रुग्णांसाठी प्रथम हाती घेतले. कोबाल्टचे तेज सव्वापाच वर्षांत निम्मे होते; येथे ती भीती नाही, आणि वीज तोडली की किरणही थांबतात. ही विद्या आता केवळ साहेबाची राहिलेली नाही. मुंबईच्या 'समीर' संस्थेने 'सिद्धार्थ' नावाचे असेच यंत्र घडविले आणि ते सेवाग्रामच्या रुग्णालयात कामाला लागले. बापूंच्या कुटीशेजारी इलेक्ट्रॉनांची शर्यत! आम्हाला तरी यात काही विसंगत वाटत नाही.

मराठवाड्यासाठी संभाजीनगरात 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले योजनेत किरणोपचाराचा खर्चही बसतो. मग घोडे अडते कोठे? ते अडते दिवसांच्या हिशेबात. किरण घ्यायला लागतात काही मिनिटे. पण निरोगी पेशींना सावरायला उसंत मिळावी म्हणून मात्रा तुकड्यातुकड्यांनी द्यावी लागते. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे! मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढीला लागतात. तोंडाच्या कर्करोगात तर हे दिवस फारच महाग पडतात.

उपचार फुकट, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? सोबत आलेल्या बायकोने कोठे निजावे? रोज एस. टी.ने ये-जा करावी, तर घशातून पाणी उतरत नाही. मग चौथ्या आठवड्यात खाट रिकामी दिसते, आणि कागदावर शेरा पडतो : 'रुग्ण आला नाही.'

कोट्यवधींचे यंत्र मंजूर करताना त्याच्या जाड भिंतींचा खर्च सरकार आधी धरते, कारण त्यांवाचून परवानाच मिळत नाही. रुग्ण आणि सोबती यांच्या निवासाची, दोन वेळच्या मऊ भाताची तरतूद त्याच अंदाजपत्रकात, त्याच सक्तीने का धरली जाऊ नये? आरोग्यमंत्र्यांनी याचे उत्तर विधानसभेत द्यावे.