फूटभर जीभ आणि चाळीस वर्षांची पैज

समजा, कुणी तुमच्यासमोर फूटभर खोल, बोरूएवढा बारीक ग्लास ठेवला आणि सरबत फक्त तळाला. कसं पिणार? स्ट्रॉही तेवढीच लांब हवी ना बॉस!

जानेवारी १८६२ मध्ये चार्ल्स डार्विनला हाच प्रश्न पडला. जेम्स बेटमन यांनी पाठवलेल्या खोक्यात मादागास्करचं एक पांढरंशुभ्र, चांदणीसारखं ऑर्किड होतं. मागे जवळपास ३० सेंटिमीटरची नळी आणि मकरंद अगदी तळाशी. डार्विननं त्याच वर्षी पुस्तकात बेधडक लिहिलं, तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असणारच!

काही कीटकतज्ज्ञांनी चक्क खिल्ली उडवली. पण वॉलेस त्याच्या बाजूनं उभा राहिला. आफ्रिकेतल्या एका हॉक मॉथची सोंड त्यानं मोजली होती, १९ सेंटिमीटर. मग आणखी थोडी लांब का नसावी? नेपच्यून शोधणाऱ्यांच्याच खात्रीनं हा पतंग शोधा, असं त्यानं १८६७ मध्ये सांगितलं.

डार्विन १८८२ मध्ये गेला. पतंग सापडला, त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते १९०३ मध्ये. नावातच ‘प्रेडिक्टा’, म्हणजे भाकीत केलेला. सोंड एरवी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. रात्री फुलाचा सुगंध सुटला की हा हवेत तरंगत ती उलगडतो.

यातला फंडा भन्नाट आहे. शेवटच्या थेंबासाठी पतंगाला डोकं फुलात खुपसावं लागतं आणि तेव्हाच परागांची पुडी त्याला चिकटते. नळी आखूड असलेल्या फुलाला तो लांबूनच पिऊन टाटा करतो, पराग तिथेच राहतात. म्हणून फूल नळी वाढवतं, पतंग सोंड. हजारो पिढ्यांची ही स्पर्धा!

२०२१ मध्ये या पतंगाला आफ्रिकेतल्या भाऊबंदांपासून वेगळी, स्वतंत्र प्रजाती ठरवलं गेलं. एका नराची सोंड भरली तब्बल २८.५ सेंटिमीटर.

पण मादागास्करची जंगलं शेतीसाठी आणि कोळशासाठी तुटतायत. हे ऑर्किड वाढतं बहुतेक झाडांवर. पतंगाला दुसरी फुलंही चालतात, फुलाचं मात्र याच्यावाचून अडतं. न पाहिलेल्या पतंगावर डार्विननं आपली पत पणाला लावली होती. आता तो आपल्याला माहीत आहे. तो टिकवायचा की नाही, हा प्रश्न आपल्या पिढीचा.