गिऱ्हाईकाला विसरू नका : व्हिडिओ गेमच्या एका मासिकाची कहाणी

या पानावर आम्ही नेहमी कापसाचे भाव, सुताचे दर, उधारी-वसुली अशा गोष्टी लिहितो. आज विषय व्हिडिओ गेमच्या मासिकाचा आहे. पोरांनी दिवसभर टीव्हीपुढे बसून डोळे फोडून घ्यावेत असे आमचे मत मुळीच नाही. परंतु हे मासिक काढणाऱ्यांनी गिऱ्हाईक कसे जोडले आणि कसे टिकवले, हे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या आपल्या दुकानदारांनी जाणून घेण्यासारखे आहे.

जपानमधील क्योटो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या कारागिराने हाताने पत्ते बनवून विकण्याचे दुकान काढले. तेच निन्टेन्डो. त्या पत्त्यांवर जुगारही चालत असे. ती गोष्ट आपण चांगली म्हणणार नाही. पण धंद्याची सुरुवात हाताच्या हुनरातून झाली हे खरे. त्याच घराण्यातील हिरोशी यामाउची १९४९ साली गादीवर आले आणि २००२ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला. त्यांच्याच काळात, १९८३ साली, टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र कंपनीने जपानच्या बाजारात आणले.

त्याच साली अमेरिकेत या धंद्याचे दिवाळे वाजत होते. कोणीही उठावे, कसाही खेळ बनवावा आणि चकचकीत डब्यात घालून विकावा, असा प्रकार चालला होता. डबा पाहून लोक फसले, मग रागावले आणि शेवटी दुकानाकडे फिरकेनासे झाले. अटारी या बड्या कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाजवळ खड्ड्यात पुरला. २०१४ साली तो खड्डा उकरला, तेव्हा त्यातून खरोखरच त्या कॅसेटी निघाल्या. माल वाईट निघाला की नुकसान एका दुकानाचे होत नाही, सगळी पेठ बदनाम होते. हे आपल्या भागाला नवे नाही. इंग्रजी अमदानीत हिंगणघाटचा बणी कापूस नावाने ओळखला जाई. पुढे जास्त पिकणाऱ्या पण जाड, आखूड धाग्याच्या वाणांपुढे तो मागे पडला आणि नावाची ती किंमतही गेली.

अशा उठलेल्या बाजारात निन्टेन्डोने १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये दुकान मांडले. आपण पसंत केलेल्या खेळाच्या डब्यावर पसंतीचा शिक्का मारायचा, शिक्का नसलेला खेळ यंत्रात चालूच द्यायचा नाही, आणि बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचपेक्षा जास्त खेळ काढायचे नाहीत, असे नियम त्यांनी घातले. नियम कडक होते, काहींना जाचकही वाटले. पण गिऱ्हाईकाचा विश्वास हळूहळू परत आला.

आता खरी गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे माल विकला, पैसे गल्ल्यात पडले की काम संपले असे समजतात. निन्टेन्डोला मात्र दिसले की, पोरगा खेळ विकत घेतो, मध्येच अडकतो, कंटाळतो आणि दुसरा खेळ घेत नाही. म्हणून त्यांनी फोनवर सल्ला देणारी माणसे बसवली. गिऱ्हाईकांचे नाव-पत्ते नोंदवून त्यांचा क्लब केला आणि १९८७ साली त्यांना फुकट वार्तापत्र धाडायला सुरुवात केली. सभासद इतके वाढले की फुकट धाडणे परवडेना. तेव्हा वार्तापत्र बंद करून १९८८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये 'निन्टेन्डो पॉवर' हे विकतचे मासिक काढले. पहिला अंक ३६ लाख प्रतींचा होता आणि तो क्लबच्या सभासदांना फुकट घरपोच गेला. चव दाखवली आणि मग वर्गणी मागितली.

संपादनाची धुरा गेल टिल्डन या बाईंकडे होती. मासिकाचा ओळखीचा चेहरा होता हॉवर्ड फिलिप्स. हे गृहस्थ मूळचे कंपनीच्या गोदामाचे व्यवस्थापक. कोणता माल पोरांना आवडेल हे त्यांना बरोबर कळे, म्हणून मालकांनी त्यांना पुढे आणले. आपल्या दुकानातल्या जुन्या नोकराचे मत आपण किती वेळा विचारतो? मासिकात खेळाचे नकाशे, अडलेल्या जागेचे तोडगे आणि वाचकांची पत्रे असत. म्हणजे माल घेतल्यावर लागणारी मदतच छापून विकली जात होती.

'ड्रॅगन वॉरियर' नावाचा एक खेळ अमेरिकेत अपेक्षेप्रमाणे खपला नाही. गोदामात ढीग पडला. निन्टेन्डोने १९९० साली तो वर्गणीदारांना भेट दिला. पडून राहिलेल्या मालाने नवे वर्गणीदार आणले. आपण मात्र जुन्या थानांवर धूळ चढू देतो आणि भाव उतरवायचा की नाही यातच दोन दिवाळ्या घालवतो.

यात एक खोट होती, तीही सांगितली पाहिजे. मासिक कंपनीचे, खेळ कंपनीचे. आपल्याच मालाचा ऐब आपल्याच मासिकात कोण मोठ्या अक्षरात छापणार? आपल्या रसूलुल्लाहांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओला माल वर ठेव म्हणजे लोकांना दिसेल, असे त्या व्यापाऱ्याला बजावले होते. हा किस्सा आम्ही लहानपणी उर्दू शाळेत ऐकला आणि दुकानात बसल्यावर विसरलो. एकदा चादरींचा एक लॉट आला. रंग जातो हे आम्हाला कळले होते. तरी गप्प राहून विकला. तक्रार करायला कोणीही आले नाही. पण ती गिऱ्हाईके पुन्हा आमच्या ओट्यावर चढली नाहीत.

पुढे इंटरनेट आले आणि जे नकाशे विकत मिळत ते घरबसल्या फुकट मिळू लागले. २००७ च्या अखेरीस निन्टेन्डोने मासिकाचे काम 'फ्यूचर' या प्रकाशन कंपनीकडे सोपवले. डिसेंबर २०१२ मध्ये २८५ वा अंक निघाला आणि २४ वर्षांचे मासिक बंद झाले. आपल्याकडे मुंबईच्या जसुभाई डिजिटल मीडियाने 'डिजिट' या संगणक मासिकाच्या जोडीला 'स्कोर' हे खेळांचे इंग्रजी मासिक काढले होते. छोट्या गावांत मात्र नकली यंत्रे आणि कॅसेटीच जास्त पोचल्या. डब्यावर हजारो खेळांचा दावा, आत तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून. विचारायला जावे तर कोणाकडे?

मोबाईलवरून कापड मागवणारे गिऱ्हाईक आज आपल्या हातून निसटते आहे. भावात त्या बड्या कंपन्यांशी आपण लढू शकत नाही. पण कापडाबरोबर ते कसे धुवावे, किती आटेल, रंग जाईल का, हे मराठीत चिठ्ठीवर लिहून देणे आपल्या हातात आहे. गिऱ्हाईकांचे नाव-नंबर वहीत ठेवून ईदच्या, दिवाळीच्या आधी चार ओळी कळवणे आपल्या हातात आहे. शिंप्याने, रंगाऱ्याने, गादीवाल्यानेही हे करावे. मासिके बंद पडतात, यंत्रे जुनी होतात. विकल्यानंतरही जो विचारपूस करतो, त्याच्या दुकानाची वाट गिऱ्हाईक विसरत नाही. खरे बोलून विकलेल्या मालातच बरकत आहे.