दारातल्या मिरचीवर बोकड्या आला? कपाशीचं औषध मारू नका

पिंपळनेर (ता. साक्री) : नंदुरबारचा मिरची बाजार जवळ असला तरी भाकरीसोबतच्या ठेच्याला मिरची परसातलीच लागते. मोरीच्या पाण्यावर चार-पाच झाडं घरोघरी दिसतात. पावसाळ्यात त्यांची पानं चुरगळली, की घरात उरलेलं कपाशीचं औषध पंपात टाकून मारलं जातं आणि त्याच संध्याकाळी मिरची तव्यावर जाते. चूक इथंच होते.

फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हे औषधाच्या लेबलवर पिकानुसार लिहिलेलं असतं. घरची मिरची तर रोज तोडली जाते, तेवढं थांबणार कोण? पूर्वी कपाशीवर सर्रास मारलं जाणारं मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला मनाईच आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरायला नको.

आधी पान नीट बघा. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला, तर बहुतेक फुलकिडे असतात. कडा खाली वळल्या आणि पान लांबट झालं, तर कोळी. पानं बारीक होऊन गुच्छ झाला, झाड खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्यावर औषधच नाही. जीव हळहळतो, पण ते झाड उपटून लांब पुरावं, नाहीतर शेजारची झाडंही जातात.

किडीसाठी 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळून एक लिटर पाणी करायचं, चिमूटभर साबणाचा चुरा टाकायचा. संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं फवारायचं, कीड तिथंच बसते. आठवड्यानं परत. रोगाची वाट न बघता सुरुवातीपासूनच मारलं तर जास्त उपयोग होतो.

बाकी मिरची फार लाड मागत नाही. दिवसाचं सहा तास ऊन हवं. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. रंगाच्या जुन्या बादलीत लावायची असेल तर ती स्वच्छ धुवावी आणि बुडाला भोकं पाडावीत. रोप पाच-सहा आठवड्यांचं झालं की लावावं. युरिया मूठभर टाकला की झाड हिरवंगार होतं, मिरची मात्र लागत नाही. कडक उन्हाळ्यात फूल गळतं, त्याला घाबरू नये.

बियाणं धरायचं असेल तर राहुरी विद्यापीठाच्या ‘फुले ज्योती’सारखं सुधारित वाण लावावं. संकरित मिरचीचं बी पुढच्या वर्षी तसंच निघेल याचा भरवसा नसतो. ढोबळीशेजारी लावली म्हणून ढोबळी तिखट होते, हाही गैरसमज आहे. फरक पडलाच तर त्या फळाच्या बियांपासून पुढे येणाऱ्या झाडात पडतो.

आणि तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात असतो. ते तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून मिरच्या चिरल्यावर हाताला आधी तेल चोळावं, मग साबण लावावा. लेकराला घ्यायचं असेल तर त्यानंतरच.